जुन्या माउंटन सायकलींचा सौदा : माल पुरा, हकीकत खरी

घरात पडून राहिलेला जुना माल दोन तऱ्हांनी विकला जातो. एक वजनावर आणि दुसरा पारखीवर. भंगाराच्या काट्यावर चढलेली सायकल म्हणजे निव्वळ लोखंड. तिची जात, तिचे वय, तिच्या कारागिराची मेहनत हे सारे किलोच्या भावात बुडून जाते. तीच सायकल जाणकारासमोर उभी राहिली, तर तो आधी तिचा सांधा पाहतो, मग नळीवरची चिठ्ठी वाचतो आणि मग किंमत विचारतो. जिन्नस तोच, पण गिऱ्हाईक बदलले की भाव बदलतो. कापडाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे नव्याने सांगावे लागत नाही. सायकलीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक मुस्लिम घरांतली माणसे रोजगारासाठी आखातात, आफ्रिकेत, इंग्लंडात गेली. १९८०-९०च्या काळात मायदेशी परतताना कोणी टेपरेकॉर्डर आणला, कोणी शिवणयंत्र आणले, तर कोणी मुलांसाठी जाड टायरची, गिअरची सायकल आणली. मुले मोठी झाली, मोटारसायकली आल्या आणि त्या सायकली पडवीत, माळ्यावर, विहिरीच्या पंपाशेजारी उभ्या राहिल्या. मला या मालाचा शौक लागला आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत अशा नऊ सायकली माझ्याकडे जमा झाल्या. आता वय पन्नाशीच्या पुढे आहे. गोदामात कपड्यांच्या गाठींना जागा पुरत नाही आणि मुलांना या गोष्टीची आवड नाही. म्हणून मी त्या विकायला काढल्या. चार गेल्या, पाच शिल्लक आहेत. या व्यवहारात जे कळले, ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

ही सायकल आली कोठून?

माउंटन सायकलीचा जन्म कारखान्यात झाला नाही, तो जुन्या मालाच्या दुरुस्तीतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन काउंटी या डोंगराळ भागातली तरुण मुले १९७०च्या दशकात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून उचलत आणि त्यांवर बसून डोंगरावरून कच्च्या रस्त्याने खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली शर्यत झाली. शर्यतीचे नाव होते रिपॅक. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले.

पुढे जो ब्रीझ या कारागिराने १९७७-७८ मध्ये खास डोंगरासाठी नव्या फ्रेमी बांधल्या. पहिल्या खेपेस फक्त दहा. त्यांतली पहिली आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बांधलेल्या फ्रेमी घेऊन ‘माउंटनबाइक्स’ या नावाने दुकान मांडले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टंपजंपर बाजारात आणली आणि हा माल हजारोंच्या संख्येने विकला जाऊ लागला. १९९० मध्ये या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा अमेरिकेतील डुरँगो येथे झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला जागा मिळाली.

म्हणजे ज्या सायकलीला आज संग्राहक शोधत फिरतात, तिची सुरुवात भंगारातून माल निवडणाऱ्या चार हुशार हातांनी केली. आपल्या गॅरेजवाल्या आणि वेल्डर बंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपला माल आणि बाहेरचा माल

आपल्या देशात १९९०च्या दशकात हिरोची रेंजर आणि हर्क्युलिसची एमटीबी घरोघर पोहोचली. जाड टायर, सरळ हँडल, भडक रंग. या सायकलींना बहुधा गिअर नसत, नळ्या जाड आणि वजन भारी. त्यांची आज विचारणा होते ती आठवणीपोटी. ज्याने लहानपणी हट्ट करूनही ती मिळवली नव्हती, तो आज कमावता झाल्यावर ती घेतो. हा गिऱ्हाईक खरा आहे, पण तो फार मोठा भाव देत नाही.

बाहेरून आलेल्या मालात फरक असतो. १९८२ ते १९९५ या काळातल्या चांगल्या पोलादी माउंटन सायकलीला जगभर जाणकार आहेत. त्यानंतर ॲल्युमिनियम आणि कार्बनचा जमाना आला, पुढच्या चिमट्यात शॉकॲब्सॉर्बर बसले, चाके २६ इंचांवरून साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांवर गेली. त्यामुळे बारीक नळ्यांची, शॉकॲब्सॉर्बर नसलेली, २६ इंची पोलादी सायकल हा पुन्हा न होणारा माल ठरला. हातमागावरच्या एखाद्या वाणाचे विणकर संपले की शिल्लक थानांना भाव येतो, तसेच हे आहे.

माल ओळखावा कसा?

पहिली खूण नळीची. सीटखालच्या नळीवर टँगे (जपान), कोलंबस (इटली), रेनॉल्ड्स (इंग्लंड) किंवा ट्रू टेंपर (अमेरिका) अशी चिठ्ठी दिसली, तर माल वरच्या दर्जाचा समजावा. चिठ्ठी गेली असेल तर सीटचा दांडा मोजावा. त्या काळच्या पुष्कळ सायकलींत ही नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर असे. आत बसणारा दांडा २७.२ किंवा २६.८ मिलिमीटरचा निघाला, तर नळीची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ आहे, म्हणजे पोलाद उंची आहे. दांडा २५.४चा असेल तर भिंत जाड, माल साधा. कापडाचा पोत आपण अंगठा आणि बोटात धरून जोखतो, त्याच जातीची ही परीक्षा आहे. फक्त येथे व्हर्निअर लागतो.

दुसरी खूण सालाची. शिमानो कंपनीच्या जुन्या सुट्या भागांवर मागच्या बाजूस दोन इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. पहिले अक्षर साल सांगते. ‘ए’ म्हणजे १९७६, पुढे क्रमाने ‘एन’ म्हणजे १९८९, ‘ओ’ म्हणजे १९९०, ‘पी’ म्हणजे १९९१. दुसरे अक्षर महिना सांगते. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर. क्रँकच्या पाठीवर ‘ओसी’ असेल तर तो भाग मार्च १९९० मध्ये बनला. क्रँक, ब्रेक आणि गिअर या तिन्हींची अक्षरे एकमेकांच्या जवळची निघाली, तर सायकल बहुधा मुळातली आहे. एकावर १९८९ आणि दुसऱ्यावर १९९७ निघाले, तर मधे कोणी तरी भाग बदलला आहे.

तिसरी खूण बांधणीची. मागचा ब्रेक खाली, पायडलच्या मागे नळीच्या पोटाला लावलेला असेल, तर सायकल बहुधा १९८६ ते १९८९च्या आसपासची. पायडलचे दातेरी चाक गोल नसून किंचित अंडाकृती असेल, तर तेही त्याच काळाचे लक्षण आहे. गिअरचा खटका हँडलच्या वर अंगठ्याने फिरवायचा असेल, तर ती साधारण १९९०च्या आधीची. आज सर्रास दिसणारे लांब हातांचे व्ही-ब्रेक १९९६च्या सुमारास आले. त्याआधीच्या सायकलीवर ते दिसले तर नंतर बसवलेले समजावे.

टायरचा आकडाही नीट वाचावा. ‘२६ × १.९५’ आणि ‘२६ × १ ३/८’ हे दोन्ही २६ इंचच म्हणवतात, पण पहिल्याची रिम ५५९ मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ५९० मिलिमीटरची. एकाचे टायर दुसऱ्यावर चढत नाही. माउंटन सायकलीचा आकडा दशांशात असतो. हे टायर आपल्या बाजारात आजही सहज मिळते, ही समाधानाची गोष्ट आहे.

खाऱ्या हवेचा हिशोब

आपल्या किनाऱ्यावर या मालाचा मोठा दुश्मन म्हणजे हवा. मिऱ्या, राजिवडा, मिरकरवाडा या भागांत राहणाऱ्यांना लोखंडी खिडक्यांचे काय होते ते ठाऊक आहे. सायकलीचा वरचा रंग शाबूत दिसतो, पण गंज नळीच्या आतून चालतो. पावसाळ्यात सीटच्या फटीतून पाणी उतरते आणि तळाशी, पायडलच्या एक्सलभोवती साचते. पातळ नळी जितकी उंची, तितकी ती लवकर खाल्ली जाते.

दुसरे दुखणे सीटच्या दांड्याचे. दांडा ॲल्युमिनियमचा, नळी पोलादी, आणि मधे खारी ओल. दोन धातू एकमेकांना असे पकडतात की काही वर्षांनी दांडा हलतच नाही. अडकलेल्या दांड्याची सायकल जाणकार गिऱ्हाईक हातात घेताच बाजूला ठेवतो.

इलाज स्वस्त आहे. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, सीटचा दांडा बाहेर काढावा, पुसावा, ग्रीस लावून परत बसवावा. एक्सल उघडून तळ कोरडा करावा. नळ्यांच्या आत उकळलेले जवसाचे तेल फिरवून सुकू द्यावे. त्याचा पातळ थर धरतो. एवढे करण्याची उमेद नसेल, तर माल ठेवू नये, विकावा. ‘पुढे भाव येईल’ म्हणून ओल्या पडवीत ठेवलेली सायकल कोकणात भाव येईपर्यंत थांबत नाही.

रंगवू नका, सुटे करू नका

विकण्याआधी सायकल चकचकीत करण्याची आपल्या लोकांना भारी हौस. नवा रंग, नवी चिठ्ठी, नवे क्रोम. साध्या सायकलीला हे चालते. जुन्या नामवंत सायकलीला हे नुकसानीचे आहे. जुनी पैठणी नव्या रंगात बुडवून आणली तर ती नवी होत नाही, फक्त जुनी राहत नाही. मूळ रंग ओरखड्यांसह असला तरी संग्राहक त्याला जास्त मानतो, कारण त्याखाली पुटी भरलेली नाही, सांधा फुटलेला नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसते. साबणाचे कोमट पाणी, मऊ फडके आणि मेणाचे हलके पॉलिश एवढीच सफाई पुरे.

दुसरी हौस सुटे करण्याची. गिअर एकाला, ब्रेक दुसऱ्याला, चाके तिसऱ्याला. यात पैसा पटकन सुटतो हे खरे आहे. काही वेळा सुट्या भागांची बेरीज पुऱ्या सायकलीपेक्षा जास्तही भरते. पण शेवटी फ्रेम उरते, तिला वजनाखेरीज भाव नसतो, आणि एक पुरी सायकल जगातून कमी होते. फ्रेम मोडलेलीच असेल तर भाग सुटे विकण्यात काही वावगे नाही. फ्रेम शाबूत असताना तसे करणे म्हणजे चांगल्या थानाचे कटपीस करणे.

भाव ठरवताना तीन गोष्टी धराव्या. फ्रेम कोणत्या नळीची आणि किती शाबूत, मूळ भाग किती टक्के, आणि मापाचा गिऱ्हाईक किती. उंच माणसाची मोठी फ्रेम आपल्याकडे लवकर उठत नाही. परदेशातल्या मागणीचे आकडे पाहून येथे भाव लावू नये. तेथला गिऱ्हाईक तेथेच आहे, आणि मधे भाडे, जकात व वेळ आहे.

ऐब आधी, भाव नंतर

माझ्या चार सौद्यांत एक नियम मी पाळला. गिऱ्हाईक आला की आधी सायकलीचे दोष दाखवायचे, मग गुण. कोल्हापूरहून आलेल्या एका तरुणाला मी नळीवरचा पोचा, बदललेले मागचे चाक आणि एक वाकलेला दाता दाखवला. त्याने वहीत टिपून घेतले, सायकल उलटी करून पाहिली आणि सांगितलेल्या भावात फार घासाघीस न करता घेतली. पुढे त्यानेच दुसरा गिऱ्हाईक पाठवला. ज्याला दोष आपण सांगतो, तो गुणांवर विश्वास ठेवतो.

फिक्हच्या किताबांत ‘खियार-ए-ऐब’ म्हणून बाब आहे. मालातला लपलेला दोष नंतर उघडकीस आला, तर खरेदीदाराला सौदा परत फिरवण्याचा हक्क असतो. देशाचा करार कायदाही जाणूनबुजून दोष झाकण्याला फसवणूक मानतो. जुन्या मालात तर हे आणखी जरुरीचे आहे, कारण येथे छापील किंमत नाही, गॅरंटी नाही. गिऱ्हाईक विकत घेतो तो निम्मा माल आणि निम्मा आपला शब्द.

फोटो काढतानाही हेच. साखळीची बाजू, उलटी बाजू, नळीवरचा नंबर, प्रत्येक ओरखडा जवळून. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीपुढे.

कारागिरांना येथे काम आहे

या मालाला दुरुस्तीचे हात लागतात आणि ते कमी होत चालले आहेत. पातळ नळीवर साधे आर्क वेल्डिंग केले तर नळी जळते. तेथे पितळेची झाळ, कमी आचेवर, सावकाश द्यावी लागते. जुन्या मिस्त्रींना हे येते. चाकाचा आउट आऱ्यांवर काढणे, हबचे छर्रे मोजून बसवणे, डाव्या पायडलचा आटा उलटा असतो हे न विसरता ते खोलणे, ही कामे मशीनने होत नाहीत. ज्या तरुणाला हे येते, त्याने जुन्या गिअरच्या सायकलींचे काम घेतो असे दुकानाच्या पाटीवर लिहावे. पुणे, मुंबई, कोल्हापूरकडचे शौकीन चांगल्या हाताला शोधत येतात. मोचीकाम करणाऱ्यांनाही चामडी सीट शिवण्याचे काम यात आहे.

पावती, पैसा, पार्सल

जुनी सायकल घेताना ती कोणाकडून घेतली याची चिठ्ठी घ्यावी. नाव, तारीख, फ्रेमचा नंबर, सही. ज्याची मालकी नाही त्याच्याकडून घेतलेल्या मालावर आपलीही मालकी लागत नाही, हे १९३०च्या माल विक्री कायद्याचे मूळ सूत्र आहे. विकताना तशीच चिठ्ठी आपणही द्यावी.

पैसे मोबाईलवरून येत असतील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘कोड स्कॅन करा, पैसे येतील’ असे कोणी म्हणाला की तो गिऱ्हाईक नव्हे. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरची, स्वतःच्या वापरातली सायकल कधी तरी विकणे हा धंदा नव्हे आणि त्यावर जीएसटीचा प्रश्न येत नाही. पण विकण्यासाठीच घेऊ लागलात तर तो व्यापार झाला आणि त्याची वही ठेवावी लागते. नोंदणी असलेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल, तर त्याला खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावरच जीएसटी भरण्याची सोय आहे. आपल्या हिशोबनीसाला जरूर विचारावे. आणखी एक गोष्ट. नव्या सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे साध्या जुन्या सायकलीचा भाव दबणार. नामवंत जुन्या मालाला त्याची झळ नाही.

पाठवणीसाठी सायकलच्या दुकानातून नव्या सायकलीचे रिकामे खोके मागून घ्यावे. पायडल आणि पुढचे चाक काढावे, हँडल फिरवून फ्रेमला बांधावे, चिमट्याच्या टोकांमध्ये लाकडी ठोकळा अडकवावा म्हणजे दबून वाकत नाही. आपल्या दुकानातल्या कापडाच्या चिंध्या नळ्यांवर गुंडाळाव्या. मुंबई, गोवा, मंगळूरकडे रेल्वेने माल पाठवणे आपल्याला सोयीचे आहे.

संग्रह कोणाच्या हाती जावा?

विक्रीत शेवटचा प्रश्न पैशाचा नसतो. पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. २०१७ मध्ये ते लोकांना खुले झाले. एका माणसाने आपल्या शौकापायी वर्षानुवर्षे जमवलेल्या शंभरावर जुन्या सायकली तेथे पाहता येतात. त्यांत दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली बीएसएची घडीची सायकलही आहे. तिकडे फेअरफॅक्स गावातही २०१५ मध्ये सायकलींचे संग्रहालय उघडले आणि जेथे भंगारातून सुरुवात झाली तेथेच त्या डोंगरी सायकली आता जपून ठेवल्या आहेत. दोन्हीकडे कोणी तरी वेळेवर माल राखला म्हणून तो आज दिसतो.

प्रत्येकाला संग्रहालय काढता येणार नाही. पण ज्याच्याकडे चार-सहा चांगले नग आहेत, त्याने आपल्या हयातीत, हातपाय धड असताना, त्यांची यादी करावी. नग कोणता, कोठून आला, काय बदलले, काय मूळचे. आपण गेल्यावर घरच्यांना यातले काही ठाऊक नसते. त्यांना अडगळ दिसते आणि अडगळ काट्यावर जाते. यात त्यांचा दोष नाही, माहिती ज्याच्या डोक्यात होती त्याने ती कागदावर उतरवली नाही एवढेच.

माझ्याकडच्या पाच सायकलींची अशी वही आता तयार आहे. घेणारा सर्व एकत्र घेत असेल तर भावात सूट द्यायची, चालवणारा असेल तर आणखी थोडी. फक्त भाग सुटे करून विकणाऱ्याला द्यायची नाही. व्यापारात नफा पाहावाच. पण काही मालाच्या बाबतीत तो पुढे कोणाच्या दारी उभा राहणार, हेही सौद्यातच धरावे लागते.